आवाजाची सवलत

३ ऑगस्ट, रविवार

पोचले एकदाची. ओहायोतून निघाले तेव्हा गाडीचा थंड हवेचा पंखा चालू होता, न्यू मेक्सिकोत त्याने राम म्हटला आणि ॲरिझोनाची हद्द लागली तोवर मी स्टिअरिंगला ओला टॉवेल गुंडाळून चालवत होते. पण पोचले. भाड्याचं, एका जागी उभं केलेलं फिरतं घर फोटोत दिसलं होतं त्यापेक्षा बरं निघालं. पुढे लाकडी पायऱ्या, रस्त्याच्या कडेला टपालपेटी, तिचा लाल झेंडा कोणीतरी नुकताच रंगवलेला. आजूबाजूचे सगळे प्लॉट रिकामे आहेत. थंडीपासून पळून येणारे म्हातारे-म्हाताऱ्या नोव्हेंबरात येतील, तोवर ही अख्खी गल्ली माझी, असं मालकीण म्हणाली.

ही वही टेसाने निघताना दिली. म्हणाली, नव्या गावात बोलायला कोणी सापडेपर्यंत हिच्याशी बोल, आणि नाताळला येशील तेव्हा मला वाचायला दे. माझी लेक केस कापते, त्यामुळे दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायची तिला सवय आहे. आईचं ऐकायला मात्र रविवारचा अर्धा तास.

बावन्नाव्या वर्षी नवी नोकरी लागली, तीही शाळेच्या बसची. एकवीस वर्षं किराणा दुकानात गल्ल्यावर उभी होते, आता बसायला मिळणार. मी खूश आहे, हे लिहून ठेवते.

९ ऑगस्ट, शनिवार

बस आवडली. दरवाजा उघडायचा दांडा उजव्या हाताने ओढावा लागतो आणि तिथेच घोडं अडतं. डबे रचून रचून उजव्या खांद्याचं जे झालंय ते दरवेळी ओढताना आठवतं. ओहायोच्या डॉक्टरने शस्त्रक्रिया सांगितली होती. इथला विमा नव्वद दिवसांनी सुरू होतो. आणि साठाव्या दिवशी ड्रायव्हरांची तपासणी: मागचा संकटकाळचा दरवाजा वर ढकलून उघडायचा, एका हाताने, साहेबासमोर. उघडला नाही तर नोकरी गेली आणि तिच्याबरोबर विमाही. हा हिशेब ज्याने बसवला त्याचा खांदा नक्कीच धडधाकट असणार.

२० ऑगस्ट, बुधवार

बसच्या आवारात एक मैत्रीण मिळाली, मार्ला ओटिस. साठीची, हसली की आधी खोकल्यासारखा आवाज येतो आणि मग खरं हसू. मी दांडा डाव्या हाताने ओढते हे तिने पहिल्याच आठवड्यात हेरलं. आज कॉफी पिताना म्हणाली, "बाई, विम्याची वाट बघत बसलीस तर तुझ्याआधी तुझा खांदा निवृत्त होईल."

तिचा गुडघा म्हणे दोन महिन्यांत बरा झाला. फोनवरचं क्लिनिक आहे. डॉक्टर पडद्यावर बघतो, औषध घरी येतं. पेप्टाइड म्हणतात त्याला. शरीराला स्वतःची डागडुजी करायला सांगणारं काहीतरी. मधुमेहवाल्यांच्या सुईसारखी बारीक सुई, आठवड्यातून दोनदा पोटावर. मार्लाने तिथेच उठाबशा काढून दाखवल्या. मी विचारलं, खिशाला किती? तर ती म्हणाली, ते तू फोन करून समजून घे, प्रत्येकीचं वेगळं असतं.

२३ ऑगस्ट, शनिवार

आज मी त्यांना घाम फोडला. गल्ल्यावर एकवीस वर्षं काढलेल्या बाईला कोणी पूर्ण भावात काही विकून दाखवावं. वर्तमानपत्रातली सवलतीची कुपनं कापून मी टेसाला वाढवलंय.

ब्रेनन नावाचा मुलगा फोनवर होता, गोड बोलणारा. खर्चाचं पान त्याने मला पाठवलं, वर ठळक अक्षरांत 'तुमचा खर्च समजून घ्या'. औषध महिन्याला २४९. डॉक्टरची देखरेख ९९. बर्फाच्या डब्यातून पाठवणं ४५. सुया आणि औषध कालवायचं पाणी ३०. एकूण ४२३ डॉलर. मी म्हटलं, आता यातलं काय काय निघतं ते सांग.

तीन महिन्यांची सही आधी केली तर डॉक्टरचे ९९ माफ. जवळच्या नातलगाचं नाव आणि फोन नंबर दिला तर १०० कमी. मी टेसाचा दिला. तिच्याही मनगटात कात्री धरून धरून कळ येते, फार तर ती नाही म्हणेल. आणि तीन मिनिटं आवाज ध्वनिमुद्रित करू दिला तर तब्बल १५० कमी, जाहिरातीसाठी म्हणे. राहिले ७४.

चारशे तेवीसचे चौऱ्याहत्तर! कोणाला सांगू असं झालं. आवाज लगेच दिला. मजेशीर प्रकार होता: एक ते शंभर आकडे, वारांची नावं, मग 'अगं, घाबरू नकोस', 'मला बघ ना', 'सुई कळतसुद्धा नाही'. एकदा हसायला लावलं, एकदा उसासा टाकायला. शेवटी नातलगाचं नाव दोनदा घ्यायला सांगितलं, एकदा प्रेमाने आणि एकदा काळजीने. मी विचारलं, जाहिरातीत हे कशाला? ब्रेनन म्हणाला, आवाज नैसर्गिक वाटायला हवा ना.

खाली बारीक अक्षरांत रद्द करायची अटही वाचली. मी सगळं वाचते. औषध थांबवायचं तर उताऱ्याची एक मात्रा घ्यावी लागते आणि ती मागायला स्वतःच्या आवाजात फोन करायचा, लेखी चालणार नाही. म्हटलं, बोलायला मला कधी अडचण आलीय?

१ सप्टेंबर, सोमवार

सुट्टी. डबा आला. कुपीत चिमूटभर पांढरी भुकटी, त्यात पाणी हळू सोडायचं, हलवायचं नाही. शीतकपाटात लोण्याशेजारी ठेवलीय. पहिली सुई टोचली. खरंच कळली नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

खांदा पूर्ण बरा आहे. 'बरं वाटतंय' असलं मुळमुळीत नाही, पूर्ण बरा. काल रिकाम्या बसचा मागचा दरवाजा एका हाताने उघडला आणि एकटीच टाळ्या वाजवत उभी राहिले.

आणखी एक गंमत. हनुवटीवरचा व्रण गेला. तरुणपणी पत्र्याच्या डब्याचं झाकण लागलं होतं. आरशात शोधला, जागाच सापडेना. टेसाला फोनवर सांगितलं आणि चिडवलं की तुझ्याही भुवईवरचा जाईल बघ. ती म्हणाली, तो राहू दे, तेवढंच माझं बालपण शिल्लक आहे. क्लिनिकने तिला दोनदा फोन केला म्हणे. ती विचार करतेय. मी म्हटलं, करूनच टाक.

संध्याकाळी चर्चच्या जेवणाला जायचं म्हणून कानात रिंगा घालायला गेले. कानाची भोकं बुजली आहेत. दोन्ही.

२२ सप्टेंबर, सोमवार

हजेरीचं यंत्र माझा अंगठा ओळखत नाही. साहेब म्हणाले, साबणाने हात धुऊन ये. धुतला. मग उजेडात धरून बघितला, तर अंगठ्यावर एकही रेघ नाही. दहाही बोटं गुळगुळीत.

मार्लाला दाखवावं म्हणून शोधलं. ती गेल्या आठवड्यापासून तोंडाला रुमाल बांधून येत होती, सर्दी आहे अशी खूण करून. आज आलीच नाही. साहेब म्हणाले, सकाळीच तिचा फोन आला होता, एकदम मजेत होती, लांबच्या रजेवर जातेय म्हणाली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी डोळे उघडायला वेळ लागतो. पापण्या कडेला चिकटलेल्या असतात. कोमट पाण्याने सुटतात. तोंडाचे कोपरेही आत ओढल्यासारखे वाटतात. आज काट्याने घास घेताना लागलं. क्लिनिकच्या डॉक्टरला पडद्यावर दाखवलं तर तो म्हणाला, शरीर शिकतंय, नको असलेल्या फटी ते बुजवतं. मी विचारलं, नको असलेल्या म्हणजे कोणत्या आणि हे ठरवतं कोण? तेवढ्यात चित्र थांबलं.

आजपासून सुई बंद. उरलेल्या कुप्या कचऱ्यात टाकल्या.

२९ सप्टेंबर, सोमवार

बंद करून तीन दिवस झाले, पण थांबलेलं नाही. आज तोंडात चमचा आडवा जात नाही, उभा घालावा लागतो.

गावातल्या दवाखान्यात गेले. नर्स म्हणाली, ॲलर्जीची सूज आहे. गोळी दिली आणि ज्याने औषध दिलं त्यालाच विचारा असं सांगितलं. मी सांगायचा प्रयत्न केला की ही सूज नाही, कातडी आहे. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

१ ऑक्टोबर, बुधवार

शाळा सुटल्यावर मार्लाकडे गेले. दार उघडंच होतं.

ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती, नीट कपडे घालून, हात मांडीवर. तोंड असायला हवं तिथे काही नाही. ओठ शिवलेले असते तर टाके तरी दिसले असते. नाकाखालून हनुवटीपर्यंत नुसती कातडी, गुळगुळीत, लहान मुलाच्या पोटासारखी. डोळे नाहीत. बोटं एकमेकांत मिसळून हातांचे नुसते गोळे झालेत. नाकाच्या एका बारीक भोकातून शिट्टीसारखा श्वास चालू होता.

मी तिचं नाव घेतलं. तिने मान माझ्याकडे वळवली. ती आत आहे. तिला सगळं ऐकू येतं.

ते पुन्हा लिहिते, कारण मला ते कोणाला तरी सांगायचंय. ती आत आहे.

मी तिचा हात धरून रडले. मग रुग्णवाहिकेला फोन केला. ते आले, तिला घेऊन गेले, मला नाव-गाव विचारलं. तिच्या शीतकपाटावर खर्चाचं पान चुंबकाने लावलेलं होतं. नातलगाच्या रकान्यात माझं नाव होतं. 'बहीण' असं लिहिलं होतं. शंभर डॉलर कमी.

मार्लावर रागवायला हवं. पण मी काय वेगळं केलं?

२ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी क्लिनिकला फोन केला, उताऱ्याची मात्रा मागायला. तोंडाची फट आता पेन्सिलीएवढी आहे. तरी बोलले. नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, औषध थांबवते म्हणाले. यंत्र म्हणालं, हा आवाज नोंदीतल्या आवाजाशी जुळत नाही. पुन्हा. जुळत नाही. पुन्हा.

सातव्यांदा एक बाई फोनवर आली. गोड बोलत होती. मी काय सांगतेय ते कळत नाही म्हणाली आणि हसली.

आधी खोकल्यासारखा आवाज, आणि मग खरं हसू.

मी फोन ठेवला.

५ ऑक्टोबर, रविवार

तोंड मिटलं. काल नखं कापायच्या कात्रीने कापलं होतं, रक्त आलं, नळी घालून सूप प्यायले. दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत पुन्हा बुजलं, आधीपेक्षा जाड.

आज टेसाचा फोन यायचा दिवस. वाजला, मी घेतला, आणि नुसती ऐकत राहिले. ती हॅलो हॅलो करत होती. मग म्हणाली, लाइन खराब आहे वाटतं, असो, आत्ताच तर बोललो आपण. आणि ठेवला.

आत्ताच.

मी आज कोणाशीही बोललेली नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

९११ ला, संकटकाळच्या नंबरला, मेसेज केला. उत्तर आलं: या भागात मेसेजची सोय नाही, कृपया बोलून फोन करा.

टेसाला मेसेज केला. औषध घेऊ नकोस. सुई टोचू नकोस. माझा फोटो पाठवला. दहा मिनिटांनी तिचं उत्तर आलं. ते उतरवून ठेवते:

"माझ्या आईने मला सांगितलंय तुमच्याबद्दल. तिचा फोन चोरून असले घाणेरडे फोटो बनवताय, लाज वाटत नाही? पोलिसात देईन."

त्यानंतर एकही मेसेज जात नाही. तिने माझा नंबरच बंद करून टाकला.

मार्ला कुठल्या इस्पितळात आहे तेही कळत नाही. गाडी चालवून जावं तर डावा डोळा पूर्ण गेला, उजव्यात फट आहे. काल पायऱ्यांपर्यंत गेले आणि पडले. गल्लीत कोणी नाही. नोव्हेंबरात येतील.

७ ऑक्टोबर, मंगळवार

साहेबांचा फोन नाही. म्हणजे मी कळवलं असणार. मजेत बोलले असणार.

क्लिनिकचा मेसेज आला: अभिनंदन, तुमच्या नातलग टेसा यांचा डबा आज पोचला. पहिली मात्रा रविवारी, १२ तारखेला, तुमच्याबरोबर फोनवर.

माझ्याबरोबर.

'सुई कळतसुद्धा नाही.' हे मीच म्हटलंय. हसून म्हटलंय. दीडशे डॉलरसाठी.

दोन बोटं जोडली गेली. कापली तर पेन धरवत नाही. म्हणून कापत नाही, लिहायचंय —

८ ऑक्टोबर, बुधवार

एक गोष्ट त्यांच्याकडे नाही. माझं अक्षर.

टपालगाडी अकराला येते. लाल झेंडा वर केला की थांबते. वही पाकिटात घालणार. घरात होती नव्हती तेवढी तिकिटं चिकटवली. शनिवारी पोचेल. नशीब असेल तर.

टेसा — ही मी आहे. फोनवर बोलते ती मी नाही. तिचं काही ऐकू नकोस — माझ्याइतकी गोड बोलेल, माझ्यापेक्षा गोड —

खूण सांगते. सात वर्षांची होतीस. अंगणातला झोका. मी पायरीवर बसून कुपनं कापत होते, बघत नव्हते. तीन टाके. लोकांना सांगितलं तू धावताना पडलीस. खरं तुला मला ठाऊक. हे मी त्यांना दिलेलं नाही —

श्वास एकाच बाजूने. शिट्टी येते. मार्लासारखी

चूक माझी आहे. तुझं नाव मी विकलं. स्वस्त पडतंय म्हणून —

टोचलं नसशील तर डबा उन्हात टाक. त्यांना आवाज देऊ नकोस. एक शब्दही

गाडीचा आवाज. वळणावर आहे. झेंडा अजून —

टोचलं असशील तर आरशासमोर जा. केस बाजूला कर. डावी भुवई. व्रण असला तर वेळ आहे, आत्ताच्या आत्ता क्लिनिकला फोन कर, तोंड आहे तोवर उतारा माग

आणि नसला तर टेसा तू